‘ओळखलंस का?’ असं विचारायचं नाही

खंबाटकीचा घाट उतरला आणि डोंगर जरा मागं सरले, तशी मी मोइराला कोपरानं ढोसलं. "बघ, इथनं पुढं माझा मुलूख." खोटंच म्हणा. माझं पलूस अजून कुठल्या कुठं होतं. पण परदेशात राहिलं की माणसाचा हक्क फार लांबपर्यंत पसरतो. सातारा, सांगली, मधली सगळी उसाची रानं, सगळं आपल्याच बापाचं वाटतं.

मी आयर्लंडात नर्स आहे. विसराळूपणाचा आजार, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांचं करते. मोइरा माझी वरिष्ठ. तिकडचे आम्ही आणि इकडच्या दोन रुग्णालयांतल्या नर्सा मिळून या आजाराच्या सेवेचं प्रशिक्षण सुधारायचं, असं ठरलं होतं. मोइरानं शिकवायचं, मी मराठीत सांगायचं. कागदावर माझं काम एवढंच. पण हाच आजार पलूसमध्ये माझ्या आईला झालाय. फोनवर माझा चेहरा दिसला की ती वहिनीला विचारते, "कोण गं ही बाई?" म्हणून खरं सांगते, मी प्रशिक्षणासाठी आले नव्हते. तिनं एकदा मला ‘मंगे’ म्हणून हाक मारावी, एवढ्यासाठी आले होते.

साताऱ्यात कंदी पेढे खाऊन मोइरा खूश झाली आणि आम्ही वर्गावर गेलो. तिनं एक खेळ मांडला. एकीनं पेशंट व्हायचं, बाकीच्यांनी भेटायला यायचं. शालन सिस्टर आजी होऊन खाटेवर बसल्या. झालं! एकजात सगळ्या जणी वाकून एकच विचारू लागल्या, "आज्जी, वळखलं का? सांगा बघू मी कोण?" आम्ही हसून हसून लोटपोट.

मोइरा हसली नाही. तिनं शालन सिस्टरना विचारलं, कसं वाटलं? त्या म्हणाल्या, "खरं सांगू का मॅडम? वर्गात उभं केल्यावानी वाटलं. उत्तर येत न्हाई आणि सगळी तोंडाकडं बघत्यात."

हाच पहिला धडा. ओळखलं का, असं विचारायचं नाही. येणाऱ्यानं आपणच नाव सांगायचं, गाव सांगायचं, जवळ बसायचं. रोज परीक्षा घेऊन रोज नापास करायचं नाही.

"मॅडमना सांगा, आमच्यात हे लय अवघड जाणार," शालन सिस्टर म्हणाल्या. "हितं डॉक्टरसुद्धा ह्येच विचारत्यात." मी ते इंग्रजीत सांगितलं आणि वर ठासून म्हणाले की जमेल, सवयीनं सगळं जमतं. दुसऱ्याला सांगताना आपलं काय जातंय?

सांगलीला पोचलो ते संध्याकाळी. मोइरानं भडंग (तिखट, खमंग चुरमुरे) खाताना त्यातली मिरची शेंग समजून चावली आणि अर्धा तास डोळे पुसत कृष्णेकाठी बसली. दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं तिकडची चित्रं पिशवीतनं बाहेर काढली. फुलबाग, चहाचा कप, चर्च. पेशंट "घरी जायचंय" म्हणाला की नाही म्हणायचं नाही, त्या चित्रांवरनं घराबद्दल बोलतं करायचं. नर्सांनी चित्रं उलटीपालटी केली. एक म्हणाली, "आमच्या बाप्यांला घर म्हंजे रान. रात्रपाळीची लाईट आली, पाणी पाजायला जायाचं, असं म्हणून उठत्यात." दुसरी म्हणाली, "आणि म्हातारी बाई घरी जायाचं म्हणली, तर ती सासरात बसूनच म्हणती. तिला म्हायार पायजे. तिला इचारायचं, मुराळी कोण येणार हाय?"

मुराळी (लेकीला माहेरी न्यायला येणारं माणूस) म्हणजे काय, हे मी मोइराला समजावलं. तिनं ते लिहून घेतलं. "आमच्याकडच्या बायकाही घरी जायचं म्हणतात," ती म्हणाली. "पण न्यायला कोण येणार आहे, हे मी कधी विचारलंच नाही."

काम संपलं आणि आम्ही पलूसला गेलो. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत होती आणि माझा जीव टांगणीला. दारात उतरले तर आई ओट्यावर बसलेली, मांडीवर गठुडं. केवढीशी झाली होती! मी आपलं नाव सांगणार, एवढ्यात दादा आतून ओरडत आला, "आये, वळख बघू कोण आलंय?"

आईनं माझ्याकडं पाहिलं, मोइराकडं पाहिलं. "पावणं दिसत्यात," म्हणाली.

"आगं पावणं काय! मंगी हाय, तुजी मंगी!"

"मंगी साळंत गेलीया," आई म्हणाली. "यायची झाली आता."

दादावर मी अशी चिडले! पण त्याचं काय चुकलं? मलाही तेच विचारायचं होतं.

वहिनी मला आत घेऊन गेली. "वन्सं, रोज ह्येच. दुपारपास्नं गठुडं घेऊन बसत्यात. ताट नेलं तर म्हंत्यात, मुराळी येणार हाय, आता म्हायारीच जेवीन. दोन घास पोटात जाईनात." बोलता बोलता तिनं पदर डोळ्याला लावला. लेक नर्स आणि उपाशी सासूला सून सांभाळतेय.

मी बाहेर येऊन आईजवळ बसले. "मी मंगल. गाडी आणलीया. जायचं का म्हायारी?"

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाई मुराळी कवापास्नं याय लागली?"

"आता येत्यात."

"काय बाई दिवस आलं," ती म्हणाली आणि गठुडं घेऊन उठली.

तिचं माहेर कवठे महांकाळच्या पलीकडं, धनगरवस्तीला लागून. जिरायतातली पोर बागायतात दिली म्हणून तिच्या लग्नात लोकांना केवढं कौतुक होतं म्हणे. तासगाव सुटलं, ऊस कमी झाला, माळावर पवनचक्क्या दिसू लागल्या. एका वळणावर मेंढरांनी रस्ता भरून गेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला तर आईनं त्याला झापलं, "आरं गप की गड्या, बिथरतील ती!" मोइराला एक शब्द कळला नाही, तरी ती टाळ्या पिटत होती. मला वाटलं, आता सगळं आठवणार हिला. माझं नावसुद्धा.

कसलं काय! गावात कालव्याचं पाणी आलेलं. जिथं कुसळं होती तिथं द्राक्षांचे मांडव. आई खाली उतरेना. "ह्ये न्हवं माजं गाव. माज्या गावात एवढं हिरवं कुटलं?" तेवढ्यात मामांचा तानाजी, त्याची बायको, शेजारीपाजारी सगळे गाडीभोवती जमले आणि एकच गलका, "आत्ती, वळखलं का? मी कोण सांग!" आई माझ्या दंडाला घट्ट धरून बसली. मी सगळ्यांना हात जोडले. "एकेकानं या बाबांनो. आणि आधी आपलं नाव सांगा."

तानाजीच्या बायकोला तेवढ्यात पटलं. वाटी घेऊन पुढं आली, म्हणाली, "आत्ती, मी तानाजीची मालकीण. माडगं केलंय बगा, गरम हाय." माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज. दुष्काळी भागाचं अन्न, आता कुणी फारसं करत नाही. वास आला तशी आई गाडीतनं उतरली. उंबऱ्यावर टेकली, वाटी तोंडाला लावली आणि संपवूनच खाली ठेवली. "आणि वाड," म्हणाली. मी आणि मोइरा एकमेकींकडं बघत राहिलो.

पोट भरल्यावर तिनं माझा हात हातात घेतला. तो चोळत म्हणाली, "तू लय लांबनं आलीस माज्यासाठी. तुजं म्हायार कुटलं गं?"

"पलूस."

"आय हाय?"

प्रश्न ओठांवर आला होता. शप्पथ सांगते, आला होता. आये, मला ओळखलंस का? मी तो गिळला.

"हाय," म्हटलं.

"मग नशिबाची हैस. आय हाय तवर म्हायार."

परतताना ती माझ्या खांद्यावर झोपली. घरी वहिनीनं तानाजीच्या बायकोला फोन लावून माडगं कसं करतात ते विचारून घेतलं आणि लगोलग हुलगे निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ झाली. दादानं बॅगा गाडीत टाकल्या. आई ओट्यावर माडगं पीत होती, गठुडं आतच राहिलं होतं. मी वाकून पाया पडले. "येते," म्हटलं.

"सावकास जा," ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. "आणि आयला माजा नमस्कार सांग. म्हणावं, पोरगी गुणाची हाय तुजी."

"सांगते," म्हटलं आणि गाडीत बसले. सातारा येईपर्यंत मोइरानं मला रडू दिलं. तिला भाषांतर करून सांगायची गरजच पडली नाही. आता आयर्लंडात रात्री झोपायच्या आधी मी रोज तो निरोप मनातल्या मनात आईला सांगते. तिच्यापर्यंत तो पोचत असेल का, ठाऊक नाही.