हप्ता घटला, वर्षं तेवढीच

थांबा, हे आत्ताच टाईप करते. उद्या ऑफिसला गेले की हिंमत व्हायची नाही. जाम थकलेय, पण सांगायचंच आहे!

मी शारजात वाढले, मॉर्गेज ब्रोकरकडे काम करते. म्हणजे लोकांना घराचं लोन शोधून द्यायचं, फॉर्म भरून द्यायचे. आज हमीदचाचा आले. मूळचे रत्नागिरीचे, इथल्याच रोल्ला भागात कापडाचं दुकान आहे.

"बाय, पुढच्या वर्षी लोन खलास, मग हज. डोक्यावर कर्ज ठेवून जायचं नाही मला."

मी स्टेटमेंट उघडलं. अजून सहा वर्षं!

चाचा तीन वर्षं दर ईदला हप्त्याच्या वर साठ हजार दिरहम भरतायत. म्हणजे चौदा लाख रुपये, दर वेळी! असे एक्स्ट्रा पैसे भरले की बँक विचारते, मुदत कमी करू की हप्ता? मुदत कमी केली तर लोन लवकर सुटतं. हप्ता कमी केला तर महिन्याला कमी कटतं, पण शेवटची तारीख हलत नाही.

टिक 'हप्ता कमी'वर होती. तिन्ही फॉर्म मीच भरलेले. पहिल्या वेळी जॉब नवीन, मॅनेजर ओरडत होता, "यल्ला, जल्दी भेजो!" मला वाटलं, हप्ता कमी म्हणजे कस्टमर खूष. विचारलंच नाही. पुढची दोन वर्षं तोच फॉर्म कॉपी.

"चाचा, हप्ता बावन्नशेचा तीन हजार झाला, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना! म्हटलं, टायमात भरतो म्हणून बँकेने सूट दिली. उरलेल्याचा दुकानात माल भरला."

मॅनेजरने मला बाजूला घेतलं. "गलती हमारी है, ये मत बोलना."

मी बोलले. चाचांनी स्टेटमेंट स्वतःकडे ओढलं. मी कॅल्क्युलेटर काढला. या ईदला भरायचे साठ हजार आणि पुन्हा जुना बावन्नशेचा हप्ता धरला, तरी सव्वादोन वर्षं. हज पुढे गेली.

"मक्का कुठे जात नाय गे," चाचा उठत म्हणाले. "गुडघे मात्र चाललेत."

मुदत कमी करायचं पत्र बँकेला पाठवलं. चाचांनी सही करण्याआधी दोनदा वाचलं. बरोबर केलं.

एक्स्ट्रा भरलं की बँकेकडून शेवटच्या हप्त्याची नवी तारीख लेखी मागा. तारीख तीच असेल तर त्याच दिवशी फोन करा. तुमच्यापैकी कुणाचा हप्ता असाच गुपचूप कमी झालाय का? आणि तुम्हीपण खूष झाला होतात का?