छत्रीखालच्या कंपन्या

आमच्या दुकानात रिचार्ज संपतो, किस्से संपत नाहीत. जवळा बाजारला मेन रोडवर आमचं मोबाईलचं छोटं दुकान आहे. सुरू ह्यांनी केलं, बसते मी. आता निम्मं गाव घरबसल्याच रिचार्ज मारतं, त्यामुळं गिऱ्हाईक कमी अन् नुसते येऊन बसणारेच जास्त. ते पैसे देत नाहीत, किस्से देतात. घरी सांगायला गेले तर हे म्हणतात, "गल्ला किती झाला ते सांग." म्हणून तुम्हाला सांगते.

येऊन बसणाऱ्यांत पहिला नंबर कौसावहिनींचा. शेजारच्या गाळ्यात त्यांची शिलाई मशीन. नवरा, मारोतीभाऊ, ट्रकवर ड्रायव्हर. माल घेऊन पार गुजरातपर्यंत जातात. वहिनींचा एक कान मशीनवर, एक रस्त्यावर. ओळखीचा हॉर्न वाजल्यासारखा वाटला की टाका चुकलाच. "शिवण्यापेक्षा उसवायचंच काम जास्त करते मी," असं त्या स्वतःच सांगतात.

•

बाजाराच्या दिवशी दुकानासमोर कार्डं विकायला तीन मोबाईल कंपन्यांच्या तीन छत्र्या लागतात. प्रत्येक छत्रीखाली टाय लावलेलं एक पोरगं. "त्यांची रेंज घरात येत न्हाई, आमची विहिरीत बी येते," असं सकाळपासून एकमेकांवर चालू असतं.

एकदा दुपारी पाहते तर तिघं एकाच छत्रीखाली, एकाच डब्यात जेवून राहिले. म्हणलं, "काय रे, सकाळपासून भांडून राहिलात, अन् आता एक डबा?"

त्यातला एक घास गिळून म्हणाला, "ताई, टॉवर बी तिघांचा एकच हाय."

मला हसू आवरेना. वहिनी मशीनवरून म्हणाल्या, "दुश्मन बी जेवायच्या टायमाला एका जागी येतात. आमचं माणूस..." अन् मशीन जोरात चालवायला लागल्या.

•

आमचे दगडूमामा कंपनी बदलण्यात पटाईत. एका कंपनीनं टोपी दिली, गेले तिकडं. दुसरीनं पाण्याची बाटली दिली, गेले तिकडं. नंबर तोच राहतो, त्यामुळं मामांना काही तकलीफ नाही.

परवा आले, म्हणाले, "पहिल्या कंपनीत परत टाक."

"मामा, तिथं तर काहीच फुकट मिळून नाही राहिलं."

"न्हाई मिळू दे. त्यांच्या पोरीचा फोन आलता. म्हणली, काका, आमचं काय चुकलं? काहून सोडून गेलात? परत या ना." मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी कितीदा रुसून घरातून निघालो, तुझी मामी एकदा बी अशी बोलली न्हाई."

वहिनींनी शेजारून विचारलं, "मामा, त्या पोरीचा नंबर हाय का? आमच्या ह्यांना एक फोन करायला लावते."

•

सिद्धेश्वरच्या धरणाकडचे दोन भाऊ. बांधावरून बोलचाल बंद. थोरल्याच्या शेतात कोणत्याच कंपनीची रेंज लागेना. माझ्याकडून सगळ्यांची कार्डं नेऊन झाली. रेंज यायची फक्त धाकट्याच्या लिंबाखाली. थोरला निमूट तिथं जायला लागला बिचारा. पहिले उभ्यानं बोलायचा, मग धाकट्यानं त्याच्यासाठी बाज टाकली.

पुढं एका कंपनीनं तिकडं नवा टॉवर उभा केला. मी मोठ्या उत्साहानं म्हणलं, "भाऊ, हे नवीन कार्ड घ्या. आता तुमच्याच शेतात फुल रेंज."

"नको ताई," तो म्हणाला. "लिंबाखाली चहा येतो."

•

आता माझंच सांगते. पोरगी पुण्याला नोकरीला. रात्री मी तिला व्हिडिओ कॉल लावते अन् फोन डाळीच्या डब्याला टेकवून स्वयंपाक करते. एक दिवस मी बराच वेळ बोलत बसले. पिठलं कसं लागलं, ह्यांचा गुडघा कसा दुखून राहिला, सगळं.

हे आत आले, म्हणाले, "अगं, रेंज जाऊन ती अडकली की. कोणाला सांगून राहिली?"

साऱ्या बाजाराला रेंजची गॅरंटी देणारी बाई मी. पण फोन काही बंद केला नाही. पोरगी नेमकी हसताना अडकली होती.

•

अन् हे मागच्या बाजाराचं. कौसावहिनी मशीन बंद करून उठल्या अन् एकेका छत्रीखाली जाऊन आल्या. थोड्या वेळानं तिन्ही पोरं माझ्याकडं तक्रार घेऊन हजर. "ताई, ह्या काकूंना काय पाहिजे तेच कळून न्हाई राहिलं. आमी फुकट देऊन राहिलो, त्या नको म्हणून राहिल्या."

वहिनी मागूनच आल्या. म्हणाल्या, "ताई, तुमीच पहा. उद्या हे मुक्कामाला येऊन राहिले, परवा लगेच निघणार. निघायच्या आधी त्यांच्या फोनात नवीन कार्ड टाकायचंय."

"काहून? आहे त्याच्यावर तर रोज तासभर बोलतात की."

"व्हय, बोलतात. टायर दाखवतात, ढाबा दाखवतात, ताटातली भाजी दाखवतात. सगळं दिसतं."

"मग?"

वहिनी बोटावरचा दोरा उलगडत राहिल्या. "पहिले बोलायला पैसे पडत व्हते. दोन शब्द झाले की म्हणायचे, ठेवतो, बाकीचं घरी येऊन सांगतो. अन् यायचे बी, बराबर." मग त्या पोरांकडं वळल्या. "तसलं कार्ड पाहिजे. बोललं की पैसे कापणारं."

पोरांनी आपापली कार्डं चाळून पाहिली. शेवटी एक जण म्हणाला, "काकू, तसलं कार्ड आता कोणतीच कंपनी देऊन न्हाई राहिली."

वहिनींनी बाहेरच्या तिन्ही छत्र्यांवरून नजर फिरवली.

"मंग एवढ्या कंपन्या आल्या तरी कायले?"