नानांच्या नावावरची चूक

सीटी स्कॅनच्या टेबलावर माणूस आडवा झाला की नाना आधी त्याचं गाव विचारत. गावावरून आडनाव, आडनावावरून सोयरीक. टेबल मशीनमध्ये सरकेपर्यंत पेशंट त्यांच्या मावसबहिणीचा दीर तरी निघे. मी घड्याळाकडे बघत चिडायचो. नाना म्हणत, "वळख निंघनी का भेव पयी जास, साहेब." ओळख निघाली की माणसाची भीती पळते, हा त्यांचा अनुभव.

धुळ्याच्या आमच्या सेंटरमधले ते जुने टेक्निशियन आणि मी नवाकोरा रेडिओलॉजिस्ट, डिग्रीची हवा डोक्यात गेलेला.

एकदा पारोळ्याकडच्या एक अक्का आल्या. शौचावाटे रक्त जायचं आणि महिनोन्महिने मूळव्याधीची औषधं चाललेली. पोटाच्या स्कॅनआधी आम्ही नेहमी पांढरं औषध पाजत असू. नाना हळूच म्हणाले, "अक्काले साधं पानीच देवूत. धवळा औषधमा नस दिसनार नही."

त्यांचं खरं होतं. मोठ्या आतड्यातली बिघडलेली रक्तवाहिनी शोधायची, तर फोटोत आतडं आतून पांढरं करून चालत नाही; पांढऱ्यात पांढरी शीर हरवते. मी हे शिकलेलो होतो. पण टेक्निशियननं मला सांगावं? "नेहमीचंच द्या," म्हणालो, आणि रिपोर्टात लिहिलं, दोष आढळला नाही.

तीन आठवड्यांनी अक्कांना दोघांनी धरून आणलं. या वेळी मी गुमान साधं पाणी पाजायला लावलं. शिरेतून सोडलेलं औषध धमन्यांत पोचताच नानांनी फोटो घेतले. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच बारीक वाहिन्यांचा गुंता होता, आणि तिथली शीर वेळेआधीच भरलेली. रक्त जात होतं ते इथूनच. पुढे दुर्बिणीतून ती जागा डागली आणि अक्का वाचल्या.

पण त्या दिवशी त्यांच्या मुलानं विचारलं, मागच्या वेळी हे का दिसलं नाही? मी म्हणालो, "टेक्निशियननं चुकीचं औषध पाजलं."

नाना शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या मुलापुढे हात जोडले. "मना हातथीन चूक व्हयनी, भाऊ."

नंतर आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मला मान वर करवेना. नानाच म्हणाले, "तुम्हनी सहीवर लोके ईस्वास ठेवतस. तो मोडाले नको." मला स्वतःची शरम वाटली, तरी तोंड उघडलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू करता करता नाना निवृत्तही झाले.

यंदा ते गेले. देवपुरात त्यांच्या घरी भेटायला गेलो. बसलेल्या सगळ्यांना त्यांच्या मुलानं माझी ओळख करून दिली. "नानांच्या हातून एवढी मोठी चूक झाली होती, पण साहेबांनी ती पोटात घातली. नोकरी जाऊ दिली नाही."

सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते.

मी म्हणालो, "असू द्या."