न पोळणारे पाय

माझं मन एका जागी टिकत नाही, ही माझी जन्माची खोड. मधल्या काळात पायही तसेच झाले. भजनाला बसले की पोटऱ्यांतून मुंग्या चालायला लागत, तळव्यांत झिणझिण्या येत, आणि एक अभंग संपायच्या आत मी दोनदा उठून दाराशी जाऊन येई. घरातही तेच. पिपरी मेघेतलं आमचं घर काही मोठं नाही, तरी मी त्यात दिवसभर येरझाऱ्या घालायचे. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "काऊन इतकी हिंडून राह्यली वं? बस न जरा." बसावंसं मलाही वाटायचं, पण जमायचं नाही.

त्याच्या पाच-सहा वर्षं आधी माझं वजनाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा मी इतकी जाड होते की रिक्षावाला मला बघून दुसरी सवारी घेत नसे. शुगर होती, गुडघे गेले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी पोटाची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडली. आष्टीकडच्या टेकडीवरची देवी आमची कुलदेवता. मी तिला नवस बोलले होते, की यातून नीट उठले तर दर चैत्रात अनवाणी चढून येईन. पहिली दोन वर्षं नवलाचीच गेली. शुगरच्या गोळ्या सुटल्या, जुन्या साड्यांचे ब्लाउज दोनदा लहान करून घेतले, आणि चैत्रातल्या तापलेल्या पायऱ्यांवर तळवे पोळत असताना मी हसत हसत चढले. पोळणं हासुद्धा नवसाचाच भाग वाटायचा.

मग हळूहळू बाकीचं सुरू झालं. थोडं वजन परत आलं. केस विंचरताना पुंजके हातात येऊ लागले. शिऱ्याचा प्रसाद चिमूटभर जास्त झाला तरी घाम फुटायचा आणि छाती धडधडायची, म्हणून मी तो गुपचूप पदराखाली शेजारणीच्या हातावर ठेवायचे. डॉक्टरांनी काही गोळ्या जन्मभर घ्यायला सांगितल्या होत्या. जन्मभर म्हणजे बरं वाटेपर्यंत, असा आपल्या सोयीचा अर्थ काढून मी त्या सोडल्या होत्या. आणि नणंदबाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "देवानं देल्लं पोट कापून घेतलं, मंग आता भोगा." वाक्य जुनं झालं तरी माझ्या मनातून जाईना. खरंच देवीला आवडलं नसेल का? मी तिच्या दिलेल्या शरीरात ढवळाढवळ केली का? देव्हाऱ्यासमोर उभी राहिले की हाच प्रश्न, आणि उत्तर मिळायच्या आत मी स्वयंपाकघरात निघून गेलेली असायचे.

अशा मनःस्थितीत एका वर्षी चैत्रात चढले, आणि पाय पोळले नाहीत. ऊन असं होतं की बाया उड्या मारत सावली गाठत होत्या. मी मात्र गालिच्यावरून चालावं तशी वर गेले. गाभाऱ्यासमोर माझे डोळे वाहू लागले. वाटलं, हिनं क्षमा केली, हिनं माझ्या पायांतली आग काढून घेतली. परत आल्यावर भजनी मंडळात सांगितलं. एक म्हातारी मावशी वाकून माझ्या पाया पडली, तिचं बघून दुसऱ्या दोघी पडल्या. मी नको नको म्हटलं, पण फार जोरात म्हटलं नाही.

पुढचं वर्षभर मी त्या आनंदावर काढलं, तरी आतून स्वस्थता नव्हती ती नव्हतीच. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा. एकदा बाजारातून येताना एक चप्पल मागेच राहिली, आणि ते मला शेजारणीनं सांगितलं तेव्हा कळलं. मी म्हणायचे, वय झालं. हे म्हणायचे, लक्ष कुठे असते तुझं. दोघांनाही आपापलं कारण पटलं होतं.

दुसऱ्या चैत्रात पुन्हा गेले. ह्यांना गुडघ्यामुळे चढवत नाही, ते खाली चहाच्या टपरीवर थांबले. मी अर्ध्या पायऱ्या चढले असेन. मागून कुणीतरी माझा दंड धरला. माझ्याच वयाची, हिरव्या लुगड्यातली, सावळी बाई होती. हातात ओटीचं ताट.

"थांबा जी बाई. मांगं पाह्यलं का तुमी?"

मी वळून पाहिलं. माझ्या मागच्या पायऱ्यांवर ओले ठसे होते, काहींत रक्त.

"तुमचे पाय भाजून फुटले. तुमाले समजून नाई राह्यलं का?"

मी तिला अभिमानानं सांगितलं, की मला पोळत नाही, देवीची कृपा आहे. ती हसली नाही, रागावलीही नाही. मला सावलीत ओढून तिनं खाली बसवलं, माझा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि तळव्याला नख लावलं. "लागते का?" मला काही लागलं नव्हतं. तिनं आणखी जोरात दाबलं. मी तिच्या नखाकडे बघत होते, म्हणून मला ते कळत होतं, एवढंच.

"आमच्या घरच्याईचं असंच झालं," ती म्हणाली. "शुगर होती. काच रुतली त समजलंच नाई. अंगठा काढा लागला. दुखत नाई म्हणजे बरं नसते, बाई. आजच दवाखान्यात जाजा."

बाटलीतल्या पाण्यानं तिनं जखमा धुतल्या. मग ताटातला खण उचलला, देवीच्या ओटीसाठी आणलेला, कोरा, जरीकाठी. दातांत धरून तो टरकन फाडला आणि माझ्या दोन्ही पायांना बांधायला लागली. मी तिचा हात धरला. म्हटलं, अहो, हा देवीचा खण, पायाला कसा बांधता? तिनं मान वर न करता गाठ मारली. "तिले चालते," म्हणाली. ह्यांना बोलावणं धाडून ती नुसता नारळ आणि तांदूळ घेऊन वर गेली. पुलगावच्या आहोत, एवढंच तिनं सांगितलं. नाव विचारायचं मला सुचलं नाही.

वर्ध्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी एक थरथरून वाजणारा चिमटा घोट्यावर टेकवला. कानाला त्याची गुणगुण येत होती, घोट्याला काहीच कळत नव्हतं. पोटाचं ऑपरेशन झालंय म्हटल्यावर त्यांनी पेनच खाली ठेवलं. रक्तात बी-ट्वेल्व्ह जवळजवळ संपलं होतं. जोडणी बदलल्यामुळे ते अन्नातून नीट शोषलंच जात नव्हतं, म्हणून तर गोळ्या होत्या. नसा सुकत चालल्या होत्या. आणखी वर्षभर असंच गेलं असतं तर चालणं गेलं असतं. आता इंजेक्शनं, आणि या वेळी जन्मभर म्हणजे जन्मभर. मी विचारलं, नसा परत येतील का? "काही येतील," त्या म्हणाल्या. "सगळ्या येतीलच असं नाही सांगत."

खरं सांगायचं तर मी देवीवर रुसले. ज्याला मी तिची क्षमा समजले, तो माझा आजार निघाला. लोक माझ्या आजाराच्या पाया पडले होते. कित्येक दिवस दिवासुद्धा हे लावायचे. पण तळमळत पडून राहायचे तेव्हा डोळ्यांपुढे जरीचा तो खण यायचा. तिच्या वाट्याचं वस्त्र माझ्या पायाला आलं होतं, आणि ते बांधणारीला क्षणभरही प्रश्न पडला नव्हता. माझ्या कापलेल्या पोटाचा राग धरणारी देवी इतकं देते का? यात चमत्कार आहे की नाही, मला माहीत नाही. मागून दुसरी कुणी चढत असती तर तिनंही सांगितलं असतं कदाचित. पण माझा पाय मांडीवर घेतला तो हिनं. मंडळात जाऊन मी सगळं खरंखरं सांगून टाकलं. म्हातारी मावशी म्हणाली, "मंग काय झालं? पाय वाचले न." आणि टाळ उचलले.

इंजेक्शनं सुरू राहिली. झिणझिण्या आधी वाढल्या, मग ओसरल्या. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. अंगणात कपडे वाळत घालत होते. दोरीशी पाऊल टाकलं आणि "आई गं" म्हणून मी मटकन खाली बसले. हे धावत बाहेर आले. उजव्या टाचेत सराटा रुतला होता, चांगला खोल. ते काढायला वाकले तर मी त्यांचा हात बाजूला केला. म्हटलं, राहू द्या जरा. ते माझ्याकडे बघतच राहिले, कारण मी रडत होते आणि हसतही होते. अंगणात, ओल्या कपड्यांखाली, कितीतरी वेळ मी एका जागी बसून होते.

डाव्या पायाची बोटं अजून मुकी आहेत, कदाचित तशीच राहतील. टेकडीवर आता चपला घालून निम्म्या वाटेपर्यंत जाते, तेवढं तिला चालतं असं मी धरून चालले आहे. पूर्वी म्हणायचे, आई, माझं दुखणं काढून घे. आता तिच्यासमोर उभी राहते आणि एवढंच म्हणते, आई, तू देशील ते दे, पण ते मला कळू दे.