साळवेकाकांचा सदर प्राणी

डॉक्टरकडे किस्से साठतात, त्यात जनावरांच्या डॉक्टरकडे जरा जास्तच. पेशंट बोलत नाही, त्यामुळे त्याच्या वतीने घरची माणसं बोलतात आणि बोलता बोलता स्वतःचंच काहीतरी टेबलावर ठेवून जातात. आमचं टोळकं जमलं की मला हटकून सापांचं विचारलं जातं. आज साळव्यांच्या सापाचंच सांगते.

माझा दवाखाना कसबा पेठेतल्या एका गल्लीत. कुत्री, मांजरं, पोपट असा साधा कारभार होता. मग हडपसरला आयटी पार्क उभे राहिले, पोरांच्या हातात पगार खेळायला लागला आणि कुणी बाइक घेतली, कुणी फ्लॅट, कुणी बॉल पायथन! हा परदेशी, बिनविषारी साप. आपल्याकडचे साप घरात ठेवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे पोरांची हौस अशी बाहेरच्या सापांवर भागायची. या सापांची दुखणी बहुतेक कातडीची असतात, आणि ती बहुतेक माणसांनीच करून ठेवलेली असतात.

* * *

अमित साळवे हा असाच एक इंजिनियर. त्याने साप आणला, त्याचं नाव रॉकी ठेवलं आणि वर्षभरात कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं. रॉकी राहिला आईकडे.

साळवेकाकू शाळेतून निवृत्त झालेल्या. एक दिवस रॉकीला डब्यात घालून तडक माझ्याकडे आल्या. "डॉक्टर, याला मोतीबिंदू झालाय. माझं मागच्या वर्षीच ऑपरेशन झालंय, मला कळतं."

रॉकीचे दोन्ही डोळे दुधाळ निळे झाले होते आणि कातडी मळकट दिसत होती. मी सांगितलं, "काकू, हा आजार नाही. कात टाकायच्या आधी असंच होतं. डोळ्यावरही एक पारदर्शक खवला असतो, तोसुद्धा कातीबरोबर निघतो. चार-आठ दिवस हात लावू नका."

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे याला दर दोन महिन्यांनी नवीन डोळे फुकट मिळतात. आम्हाला मात्र बिल!"

साळवेकाका त्या वेळी दवाखान्याच्या बाहेर, गल्लीच्या पार टोकाला उभे होते. सापाच्या खोलीतसुद्धा ते जात नसत, असं काकूंनीच सांगितलं.

* * *

पुढच्या श्रावणात काकू हॉस्पिटलमध्ये होत्या. काका दिवसभर तिकडे, म्हणून सापाकडे बघायला शेजारच्या वहिनींना किल्ली दिलेली. त्या स्वतः रॉकीला घेऊन आल्या. पोटाकडचे खवले लालभडक झाले होते.

पोट लाल दिसलं की आम्ही आधी घाबरतो. खाली ठेवलेला हीटिंग पॅड जास्त तापला, तर साप पटकन बाजूला होत नाही आणि पोट भाजतं. ओल्या, घाण बिछान्यानेही खवले सडतात. मी भिंग घेतलं, चांगला दिवा लावला आणि ओल्या कापसाने हळूच पुसलं. कापूस लाल झाला. वास आला कुंकवाचा.

वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, "नागपंचमी होती ना. काकूंना बरं वाटावं म्हणून केलं हो. दूधही ठेवलं होतं, प्यायला नाही तो."

खवल्यांच्या फटींतून हळदकुंकू काढता काढता मला घाम फुटला. काकांच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी मला फोन केला. आयुष्य सरकारी नोकरीत गेलेलं, बोलणं तसंच. "मॅडम, आम्ही बौद्ध आहोत. आमच्या घरात आजवर कुणाची पूजा झाली नाही. झाली ती थेट सदर प्राण्याची." मग म्हणाले, "वहिनींना काही बोलू नका. त्या रोज डबा पाठवतात."

* * *

काकू त्यातून उठल्या नाहीत.

अमितला विमान मिळून तो घरी पोचला तो थेट पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे अंत्यसंस्कार होऊन गेल्यावर. वडील दोन दिवस थांबले असते तर आईचं तोंड बघायला मिळालं असतं, असं त्याचं म्हणणं. तेच तो सगळ्यांसमोर म्हणाला, परत गेला आणि वडिलांशी बोलणं टाकलं.

त्यानंतर साळवेकाका पहिल्यांदा दवाखान्याच्या आत आले. हातात उशीचा अभ्रा होता, तोंड गाठ मारून बांधलेलं. सापाला असंच आणतात, पण याचा अभ्रा इस्त्री केलेला होता. हात पुढे ताणून धरलेला, मान मागे.

वेटिंगमधल्या पॉमेरेनियनवाल्या बाईंनी विचारलं, "काय आणलंय त्यात?"

"मुलाचं आहे," काका म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

* * *

नातेवाइकांनी काकांच्या मागे लकडा लावला होता, की एकट्या माणसाने साप कशाला सांभाळायचा, कात्रजच्या सर्पोद्यानाला देऊन टाका. एक दिवस काका खरंच निघाले. रिक्षा केली, मांडीवर अभ्रा घेतला. रिक्षावाल्याला काही सांगितलं नाही आणि त्याने काही विचारलं नाही.

संध्याकाळी माझ्याकडे आले. अभ्रा तसाच, दुसऱ्या हातात कात्रज डेअरीच्या श्रीखंडाचा डबा.

"घेतला नाही का त्यांनी?" मी विचारलं.

"मी विचारलंच नाही. दारापर्यंत गेलो, श्रीखंड घेतलं आणि परत आलो." मग टेबलाकडे बघत म्हणाले, "अमितशी बोलायला माझ्याकडे दुसरं काय आहे मॅडम? हा गेला तर विषयच संपला."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मुलाला सांगितलं नव्हतं. मला बर्फावर ठेवू नका, ताबडतोब उरका, असं काकूंनीच बजावून ठेवलं होतं. "हे त्याला सांगितलं तर त्याला वाटेल, आईलाही त्याची वाट बघायची नव्हती. त्यापेक्षा राग माझ्यावर असलेला बरा." मला फार वाईट वाटलं.

* * *

त्या उन्हाळ्यात रॉकीची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. पुण्याच्या कोरड्या हवेत हे नेहमीचंच. काकांनी कुठेतरी वाचलं, की दमटपणा हवा. सरकारी माणूस, अंमलबजावणी चोख! सकाळ-संध्याकाळ पेटीत पाणी शिंपडून त्यांनी खालचा कागद कायम चिंब ठेवला. थोड्याच दिवसांत रॉकीच्या पोटावर पाण्याचे फोड आले.

मी म्हणाले, "काका, हवा दमट हवी, अंथरूण नाही. एका कोपऱ्यात ओल्या शेवाळाचा डबा ठेवा, बाकी सगळं कोरडं. फोड फोडायचे नाहीत. रोज जंतुनाशकाने पुसायचं, कागद बदलायचा, इंजेक्शनं मी देते. फोड चिघळले तर हा हातचा जाईल."

काकांचा चेहरा उतरला. "रोज पुसायचं म्हणजे हातात धरून?"

"हातात धरून."

धरलं त्यांनी. पहिल्या दिवशी मी वरून माझे हात ठेवले. रॉकी त्यांच्या मनगटाला वेढा घालून गप्प पडून राहिला. काका म्हणाले, "सदर प्राणी गार आहे." एवढंच.

त्यांनी फोडांचा फोटो अमितला पाठवला, आणि अमितचा फोन आला! फक्त सापाचं विचारलं. औषध कुठलं, पेटीचं तापमान किती, पाणी पितो का. वडिलांची चौकशी नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही. काका दवाखान्यात आले की मला आधी फोनचं सांगायचे, मग फोडांचं.

* * *

फोड सुकले. रॉकीने पुन्हा डोळे निळे केले आणि यथावकाश कात टाकली. काका ती वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. मी काळ्या कागदावर पसरली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड. डोळ्यांवरचे खवले निघालेत की आत अडकलेत, हे कातीवरून कळतं. अडकले तर डोळा खराब होऊ शकतो. इथे डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन गोल, स्वच्छ काचा लखलखत होत्या. काकांनी स्मार्टफोनवर त्या दोन्ही काचांचा जवळून फोटो काढला आणि अमितला पाठवला.

मी रॉकीचं पोट बघितलं, डोळे बघितले. "काका, एकदम ठणठणीत. आता काही औषध नाही. यायचीही गरज नाही."

काका कातीकडे बघत बसले. "म्हणजे आता याला काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग आता तो फोन कशाला करेल?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. टेबलावर ठेवून त्यांनी स्पीकर लावला. हाताला रॉकी गुंडाळलेला होता.

"फोटो मिळाला," अमित म्हणाला. "चांगला मोठा करून बघितला. डॉक्टर काय म्हणतात?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला. "पोट बरं आहे. पण उजव्या डोळ्याचा खवला निघालेला दिसत नाही. लक्ष ठेवावं लागेल."

मी भिंग खाली ठेवलं. फोन कटला असं वाटून काका स्क्रीनकडे वाकले.

"हो बाबा," अमित म्हणाला, "फोटोत मलाही तसंच वाटलं. मी रोज फोन करतो."