नळाची पहिली घागर

आमची गल्ली बेळगावच्या विणकरांची, जेमतेम दहा हात रुंद, आणि बारा महिने तिला कांजीचा वास. सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून त्याला कांजी पाजायची, म्हणून त्या वेळी तिथून गाढवसुद्धा जात नसे. हे काम बंद पडलेलं मी एकदाच पाहिलं. ते नळाच्या उद्‌घाटनासाठी.

नळ आठ दिवस आधीच बसला होता. पाणीही आलं होतं. पण तोटीभोवती लाल फीत आवळून गाठीवर लाखेची मोहर लावलेली, आणि ती मोठ्या साहेबांच्या हातानंच निघायची होती. वैशाखाचे दिवस, आडाचं पाणी तळाला गेलेलं. स्वतः विणलेल्या, पण दुसरीच्या अंगावर जाणाऱ्या लुगड्याकडे बघावं, तशा बायका जाता-येता त्या तोटीकडे बघत.

स्वागताचं सगळं गल्लीतल्या वडीलधाऱ्या आप्पांकडे होतं. त्यांचं भाषण पाठ होतं; एव्हाना आम्हा पोरांचंही झालं होतं. साहेबांच्या मोटारीनं धूळ उडू नये म्हणून त्यांनी पहाटेच घरोघरचं पाणी रस्त्यावर शिंपायला लावलं. पाणी देणाऱ्याच्या सन्मानासाठी गल्लीत प्यायलाही थेंब उरला नाही. आडात नुसता चिखल.

नेमक्या त्याच सकाळी आईला कळा सुरू झाल्या. माझ्या पाठची दोन भावंडं जन्मली त्याच दिवशी गेली होती. त्यामुळे घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

सुईण अज्जी बाहेर आली. “पाणी कुठाय गं?”

मी रिकामा हंडा दाखवला.

“शेजारी?”

“समद्यांनी रस्त्यावर शिंपलंय.”

अज्जीनं ओल्या रस्त्याकडे पाहिलं आणि कानडीत काहीतरी म्हणाली. मला ते कळलं, पण लिहिण्यासारखं नाही. तशीच ती आप्पांपुढे जाऊन उभी राहिली. आप्पांची नाळही तिनंच कापलेली, त्यामुळे तिच्या लेखी ते अजून पोरच होते.

“नळ सोड रं.”

“मोहर हाय त्याला, अज्जी. साहेब नवाला येणार.”

“साहेबाला नवाची येळ हाय. पोराला न्हाय.”

“माझी अब्रू जाईल की!”

“ती तू सकाळीच शिंपलीस. आता पाणी दे.”

आप्पा नळाकडे गेले. मग त्यांनी कमरेची छोटी कात्री काढली, मोहरेला हात न लावता फीत मागच्या बाजूनं कापली आणि तोटी फिरवली. आधी तांबूस, मग स्वच्छ पाणी आलं. अज्जीनं आणलेली आमची घागर भरली, आणि मागोमाग गल्लीतलं एकूण एक भांडं भरलं. मग आप्पांनी तुटलेला ताणा जोडावा तसे फितीचे धागे एकेक करून जोडले. सांधा आम्हालाही दिसेना. नळाखालचा ओला दगड त्यांनी स्वतःच्या उपरण्यानं पुसला.

नवाचे साहेब साडेदहाला आले. तहानेबद्दल बरंच बोलले. फीत सोडली, धार लागली, टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, “या पहिल्या पाण्यानं एखाद्या माउलीची घागर भरू द्या!”

कुणी हलेना. रिकामी घागर होती कुणाकडे? आणि भरलेली ओतायची, तर एका दिवसात दोनदा पाणी सांडायची कुणाचीच तयारी नव्हती.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी पळत घरी गेले. न्हाणीत आमची पितळी घागर पालथी पडली होती. तिच्यातलं ऊन पाणी नुकतंच माझ्या नव्या बहिणीच्या अंगावर संपलं होतं. आई भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होती.

“ने,” अज्जी म्हणाली, “पर भरून आण.”

साहेबांनी ती स्वतः भरली. “ही या गल्लीची पहिली घागर,” असंही म्हणाले.

आता आप्पांचं भाषण. ते उठले, आणि तेवढ्यात आमच्या घरातून रडणं ऐकू आलं.

“रडतंय?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“व्हय. लई.”

आप्पांनी घसा साफ केला, हात जोडले. “पाणी आलं,” ते म्हणाले. “लई बरं झालं.” आणि ओल्या उपरण्यानं तोंड पुसत खाली बसले.