कपाटातला सामना

पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाने फुटबॉलवर पॉडकास्ट काढू नये असा काही कायदा नाही, आणि असता तरी आमच्या पंपवाल्याने तो पाळला नसता. आठवडाभर दुकानात गंजलेल्या मोटारी उघडून बसायचं आणि रविवारी सकाळी घरच्या कपाटात शिरायचं, हा त्याचा नेम. कपाटातच का, तर रजया आणि जुने कोट यांच्यात आवाज घुमत नाही. सोबतीला सख्खा मामा. मामांचे गुडघे कपाटात मावत नसत, त्यामुळे बोलता बोलता मध्येच "आई गं" ऐकू यायचं. श्रोत्यांना ते फार आवडायचं.

विषय एकच. शहराचा जुना संघ, जो कधीच बंद पडला, आणि त्याचे सामने. लहानपणी पंपवाल्याला मैदानात जायला बंदी होती. गर्दीत पोरं चेंगरतात असं आईचं ठाम मत. पण वडील, म्हणजे आप्पा, मैदानावर रखवालदार होते. संध्याकाळी घरी आले की बूट काढायच्या आधी पोराला दारातच सामना सांगायचे. आणि सामने तरी कसले! एकदा कुत्र्याने गोल मारला आणि पंचांनी तो मान्य केला. संघाचा गोलरक्षक गोलात उभ्या उभ्या स्वेटर विणायचा. एकदा चेंडू फाटून अर्धा आत गेला, अर्धा बाहेर राहिला, आणि सामना साडेतीन विरुद्ध तीन असा जिंकला गेला.

पंपवाला हे सगळं अत्यंत गंभीरपणे सांगायचा. "हा इतिहास आहे, कृपया हसू नये," अशी सुरुवात करायचा. लोक तिथपासूनच हसायला लागायचे. त्यात मामांनी कार्यक्रम 'विनोद' या रकान्यात टाकलेला, कारण इतिहासाच्या रकान्यात म्हणे फार गर्दी होती. हा हा म्हणता कार्यक्रम गाजला. आपल्या इतिहासाला एवढी मागणी आहे हे पाहून पंपवाल्याला गहिवरून यायचं.

मग एका श्रोत्याने लिहिलं, "आप्पा हे पात्र कोणी रचलंय? भन्नाट आहे!"

पंपवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पात्र? माझा बाप पात्र?" बापाचा शब्द खरा करून दाखवल्याशिवाय आता त्याला अन्न गोड लागेना. त्याने शोधाशोध करून संघाचा त्या काळचा बचावपटू गाठला. हा गृहस्थ आता गाद्यांचं दुकान चालवत होता आणि त्याची तब्येतही धंद्याला साजेशी झाली होती. रविवारी त्याला कपाटात बसवायचं म्हणून दोन रजया बाहेर काढाव्या लागल्या. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या पलंगावर बसले. चेहरा जरा उतरलेला होता, पण साक्षीदार मिळाल्याच्या आनंदात पंपवाल्याचं तिकडे लक्षच गेलं नाही.

"साडेतीन-तीनचा सामना आठवतो ना?" त्याने पाहुण्याला विचारलं.

"साडेतीन?" बचावपटू म्हणाला. "अहो, त्या वर्षी आम्ही पाव गोलसुद्धा केला नाही. चेंडू फाटला हे खरं. दुसरा नव्हता, म्हणून सगळे घरी गेलो."

"आणि कुत्र्याचा गोल?"

"कुत्रं आलं होतं. कोपऱ्यातल्या झेंड्यावर पाय वर करून निघून गेलं. तुम्हाला हे सांगितलं कोणी?"

"आप्पांनी. रखवालदार होते. डोळ्यांनी पाहिलंय त्यांनी."

बचावपटू इतका हसला की वरचे दोन कोट मामांच्या डोक्यावर पडले. "रखवालदार! अहो, रखवालदारांना मैदानाकडे पाठ करून उभं राहायचा हुकूम होता. तोंड गर्दीकडे. वळून पाहिलं की नोकरी गेली!"

पंपवाल्याने कपाटाचं दार ढकललं. माइक चालूच होता.

"आप्पा, हे खोटं आहे ना?"

"खरं आहे," आप्पा म्हणाले. "मी एकही सामना पाहिला नाही. लोकांची तोंडं पाहिली. त्या दिवशी अर्धे लोक उड्या मारत होते, अर्धे कपाळ बडवत होते. मी म्हटलं, अर्धा गोल झाला असेल."

"आणि विणणारा गोलरक्षक?"

"विणणारी बाई तिसऱ्या रांगेत बसायची. तिला मी गोलात उभं केलं."

"पण का?"

"तू दारात उभा असायचास. काय झालं, काय झालं म्हणून नाचायचास. काय सांगू, नुसती लोकांची तोंडं झाली?"

पंपवाल्याला रडू आलं, आणि रागही आला. सगळं बालपण कुणीतरी पंपासारखं उघडून समोर ठेवलं होतं आणि आत काहीच नव्हतं. तेवढ्यात त्याला एक धागा सापडला.

"पण शेवटचा सामना! सात नंबरवाल्याने पडता पडता डोक्याने मारलेला गोल. तो तुम्ही जसाच्या तसा सांगितलात. मला माहीत आहे, कारण मी तिथे होतो. आईला चोरून, मामांच्या मांडीवर बसून. तो खरा निघाला, म्हणून तर मी बाकीचे सगळे खरे मानले!"

"तो गोल झाला होता," कपाटातून बचावपटू म्हणाला. मामा कोटांच्या मागे सरकले.

"माहीत आहे," आप्पा म्हणाले. "मी तुझ्यासमोरच उभा होतो. 'सात नंबर, डोकं लाव, डोकं' म्हणून तू कोकलत होतास. सगळा सामना तू तोंडानेच खेळलास. तेवढा एक गोल मी पाहिला, तुझ्या तोंडावर."

"मग तुम्ही मला हाक का नाही मारली?"

"मारणार होतो. पण त्याआधी तूच ओरडलास, 'ओ टोपीवाले, बाजूला व्हा, काही दिसत नाही!'"

"मग?"

"मग काय, झालो बाजूला."

पंपवाल्याने डोळे मिटून पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. टोपी काही आठवेना. गोल तेवढा लख्ख दिसत होता.